परिसंस्थेतील ऊर्जावहन आणि सजीवांचे सहजीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊर्जावहन आणि सहजीवन हे विषय बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. एकात अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवरची ऊर्जा दाखवणाऱ्या मनोऱ्याची आकृती असते आणि दुसऱ्यात कोण कोणाबरोबर राहतो याची यादी. प्रत्यक्षात सहजीवनातील बहुतेक व्यवहार ऊर्जेचेच असतात, आणि परिसंस्थेत ऊर्जा आत येण्याची दारेही बऱ्याच अंशी सहजीवनातूनच उघडली आहेत. म्हणून खालील उत्तरांत दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

पदार्थांचे चक्र असते, मग ऊर्जेचे चक्र का नसते?

कार्बनचा एखादा अणू पानातून अळीत, अळीतून पक्ष्यात, पक्ष्याच्या उच्छ्वासातून हवेत आणि हवेतून पुन्हा पानात जाऊ शकतो. या फेऱ्यांत त्याची झीज होत नाही. ऊर्जेचे तसे नसते. प्रत्येक रासायनिक रूपांतरात तिचा काही भाग उष्णता होऊन आसमंतात विखुरतो, आणि अशा विखुरलेल्या उष्णतेपासून कोणताही सजीव अन्न तयार करू शकत नाही. त्यामुळे ऊर्जा एका बाजूने येते, अनेक देहांतून जाते आणि शेवटी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तिचा पुरवठा थांबला, तर सर्व पदार्थ जागच्या जागी असूनही परिसंस्था बंद पडते.

सूर्यप्रकाशातील किती ऊर्जा सजीवांच्या हाती लागते?

फारच थोडी. हॉवर्ड ओडम यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा ऊर्जेच्या दृष्टीने अभ्यास केला आणि तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. या विषयातील आकडे समजून घेण्यासाठी आजही त्याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे. तेथे दर चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे १७ लाख किलोकॅलरी सौरऊर्जा पडत होती. त्यातील २०,८१० किलोकॅलरी पाणवनस्पती आणि शैवाले यांनी प्रकाशसंश्लेषणाने बांधून ठेवली, म्हणजे साधारण सव्वा टक्का. या बांधलेल्या ऊर्जेचाही निम्म्याहून अधिक भाग वनस्पतींच्या स्वतःच्या श्वसनात खर्च झाला आणि इतरांसाठी ८,८३३ किलोकॅलरी उरल्या. शाकाहारी प्राण्यांपर्यंत त्यांपैकी ३,३६८ पोहोचल्या, त्यांना खाणाऱ्या मांसाहारींपर्यंत ३८३, आणि सर्वांत वरच्या भक्षकांपर्यंत केवळ २१.

मोठे शिकारी प्राणी कोणत्याही प्रदेशात विरळ का असतात, याचे बरेचसे उत्तर या २१ च्या आकड्यात आहे. शिकार, अधिवासाचा नाश ही कारणे खरीच आहेत, परंतु माणसाचा हात लागण्यापूर्वीही ते विरळच होते, कारण त्यांच्या वाट्याला येणारी ऊर्जाच तेवढी असते.

‘दहा टक्क्यांचा नियम’ कितपत खरा आहे?

एका पोषण पातळीवरून, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पायरीवरून, पुढच्या पातळीवर दहा टक्के ऊर्जा जाते, असे सांगितले जाते. याला नियम म्हणण्यापेक्षा ढोबळ अंदाज म्हणावे. सिल्व्हर स्प्रिंग्जचेच आकडे घेतले, तर वनस्पतींनी बांधलेल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे १६ टक्के शाकाहारींकडे गेली, पुढच्या टप्प्यावर ११ टक्के आणि त्यापुढे साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

पोषण पातळ्यांचा ऊर्जेच्या अंगाने विचार करण्याची पद्धत रेमंड लिंडेमन यांच्या १९४२ सालच्या शोधनिबंधाने रुजवली. मिनेसोटातील सीडर बॉग या लहानशा तळ्याच्या अभ्यासावर तो आधारलेला होता. परीक्षकांनी आरंभी तो नाकारला होता, आणि अखेर तो छापून येण्यापूर्वीच वयाच्या २७ व्या वर्षी लिंडेमन यांचे निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या आकड्यांतही हे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. वरच्या पातळ्यांवर ते वाढत गेलेले दिसत होते. दहा टक्के ही त्यानंतर रूढ झालेली सोयीची सरासरी आहे.

खरे प्रमाण तीन गोष्टींवर ठरते. उपलब्ध अन्नापैकी किती खाल्ले जाते, खाल्लेल्यापैकी किती पचते, आणि पचलेल्यापैकी किती नवा देह बनतो. लाकूड खाणाऱ्याला फारच थोडे पचते, तर मांस खाणाऱ्याला बहुतेक सगळे. तिसऱ्या गोष्टीत तर फारच मोठी तफावत आढळते. सस्तन प्राणी आणि पक्षी शरीर सतत उबदार ठेवत असल्याने पचलेल्या ऊर्जेपैकी एक ते तीन टक्केच त्यांच्या वाढीला आणि पिल्लांना लागते. माशांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि अनेक कीटकांमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजेच तेवढ्याच पाल्यावर अळ्यांचे जितके वजन तयार होते, तितके सशांचे कधीच होणार नाही.

मनोरा कधी उलटा होऊ शकतो का?

जैववस्तुमानाचा, म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा, मनोरा उलटा होऊ शकतो, ऊर्जेचा कधीच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीनुसार समुद्रातील उत्पादकांमध्ये सुमारे १ अब्ज टन कार्बन आहे, तर त्यांच्यावर जगणाऱ्या इतर सजीवांमध्ये सुमारे ५ अब्ज टन. हे शक्य होते, कारण समुद्रातील मुख्य उत्पादक म्हणजे सूक्ष्म तरंगती शैवाले. ती काही दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ली जातात. एखाद्या क्षणी त्यांचे वजन कमी भरले, तरी वर्षभरात त्यांच्यातून गेलेली ऊर्जा भक्षकांच्या वाट्याला आलेल्या ऊर्जेपेक्षा कितीतरी अधिक असते.

खाल्ल्या न गेलेल्या अन्नाचे काय होते?

ते विघटकांकडे जाते, आणि जंगलात तर तोच मुख्य मार्ग असतो. गवत, हरीण, वाघ ही साखळी चित्रात शोभते. परंतु जंगलातील वनस्पतींच्या निव्वळ उत्पादनाचा, म्हणजे त्यांच्या श्वसनानंतर उरलेल्या अन्नाचा, लहानसा भागच शाकाहारी प्राणी खातात आणि बाकीचा बहुतांश भाग गळालेली पाने, वाळलेली मुळे आणि पडलेली खोडे यांच्या रूपाने जीवाणू, कवके, गांडुळे आणि वाळवी यांच्यापर्यंत पोहोचतो. आकृतीत विघटकांना एका कोपऱ्यात चौकट देण्याची प्रथा आहे. ऊर्जेच्या मापाने आकृती काढली, तर जंगलाच्या बाबतीत कोपऱ्यातली चौकट हरणा-वाघांना द्यावी लागेल.

सूर्यप्रकाशाशिवाय परिसंस्था चालू शकते का?

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावर, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती सापडली. त्यांतील रिफ्टिया हा नळीत राहणारा महाकाय कृमी प्रौढावस्थेत तोंड आणि आतडे दोन्ही नसलेला असतो. त्याच्या देहातील एका खास अवयवात अब्जावधी जीवाणू राहतात. कृमी आपल्या लाल पिसाऱ्यासारख्या कल्ल्यांतून हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड शोषून त्यांच्यापर्यंत पोहोचवतो, आणि जीवाणू सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळालेल्या ऊर्जेवर सेंद्रिय अन्न तयार करतात. कोलीन कॅव्हनॉ यांनी हा उलगडा १९८१ साली मांडला, तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या.

येथे एक अट मात्र बहुतेकदा सांगायची राहून जाते. हे जीवाणू जो ऑक्सिजन वापरतात, तो समुद्राच्या पृष्ठभागावर आणि जमिनीवर प्रकाशसंश्लेषणातूनच तयार झालेला असतो. त्यामुळे रिफ्टियाची वस्ती अंधारात असली, तरी सूर्यापासून सर्वस्वी स्वतंत्र नाही.

सहजीवनाचे प्रकार कोणते?

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ साली भिन्न जातींच्या सजीवांचे निकट सान्निध्यात एकत्र राहणे, अशी सहजीवनाची व्याख्या केली. तिच्यात फायद्याची अट नव्हती, म्हणून परजीविताही तिच्यात येते. आज सामान्यतः तीन प्रकार सांगितले जातात: दोघांना लाभ होणारे परस्परोपकारी सहजीवन, एकाला लाभ आणि दुसऱ्याला ना लाभ ना हानी अशी सहभोजिता, आणि एकाच्या लाभासाठी दुसऱ्याची हानी करणारी परजीविता. ही वर्गवारी अभ्यासाला सोयीची आहे, पण निसर्गात तिच्या सीमारेषा किती पुसट असतात हे पुढच्या काही उत्तरांत दिसेल.

सहजीवनाचा ऊर्जेशी नेमका संबंध काय?

बहुतेक सहजीवनांत एका जोडीदाराकडे ऊर्जा मुबलक असते आणि दुसऱ्याकडे ती ऊर्जा वापरायला लागणारी, पण पहिल्याला स्वतः मिळवता न येणारी एखादी वस्तू असते. वनस्पतीची अडचण बहुधा साखरेची नसते. फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी यांची असते.

जमिनीवरील सुमारे ८० टक्के वनस्पतिजातींच्या मुळांशी कवकांचे नाते असते. कवकांचे तंतू मुळांच्या केसांपेक्षाही बारीक असल्याने मुळे पोहोचू शकत नाहीत अशा मातीच्या सूक्ष्म फटींतून ते फॉस्फरस आणून देतात. त्याच्या मोबदल्यात वनस्पती आपण तयार केलेल्या अन्नाचा लक्षणीय भाग देते. काही मोजणींत तो २० टक्क्यांपर्यंत भरला आहे. मुळांच्या पेशींत शिरून झाडासारख्या फांद्या करणाऱ्या कवकांना तर मेदाम्ले स्वतः बनवताच येत नाहीत, त्यामुळे साखरेबरोबर मेदही वनस्पतीकडूनच मिळवावा लागतो. हे नाते चाळीस कोटी वर्षांहून जुने आहे. स्कॉटलंडमधील रायनी येथील जीवाश्मांत तशाच फांद्या केलेली कवके आदिम वनस्पतींच्या पेशींत दिसतात, आणि त्या वनस्पतींना खरी मुळेही नव्हती.

शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे ऱ्हायझोबियम जीवाणू हवेतील नायट्रोजन वापरण्याजोगा करून देतात. हे काम ऊर्जेच्या दृष्टीने अतिशय महाग आहे: नायट्रोजनचा एक रेणू फोडण्यासाठी पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. शिवाय हे घडवणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, तर जीवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच असतो. ही कोंडी वनस्पती हिमोग्लोबिनसारखे एक प्रथिन तयार करून सोडवते. ते ऑक्सिजन मोजून-मापून पोहोचवते, आणि निरोगी गाठ कापल्यावर आत दिसणारा गुलाबी रंग त्याचाच असतो. जमिनीत नायट्रेट भरपूर असेल, तर वनस्पती गाठी कमी धरते, कारण मग एवढा खर्च करण्याचे तिला कारण उरत नाही.

माव्याची गोष्ट याच्या उलट बाजूने पाहता येते. मावा झाडाच्या अन्नवाहिनीतील रस पितो. त्यात साखर रेलचेल असते, पण आवश्यक अमिनो आम्ले जवळजवळ नसतात. ती बनवून देतात माव्याच्या पेशींत राहणारे बुखनेरा जीवाणू. पुरेशी अमिनो आम्ले मिळवण्यासाठी मावा इतका रस पितो की जादा साखर त्याला मधासारख्या चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. मुंग्या ते थेंब गोळा करतात आणि माव्याचे शत्रूंपासून रक्षण करतात. झाडाने बांधलेली ऊर्जा येथे दोन सहजीवनांतून मुंग्यांच्या वारुळापर्यंत पोहोचते, आणि अन्नसाखळीच्या नेहमीच्या आकृतीत या मार्गाला जागाच नसते.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांनाही सेल्युलोज स्वतः पचवता येत नाही. ते काम पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव करतात आणि पुढच्या कप्प्यांत गेल्यावर ते सूक्ष्मजीव स्वतःच पचवले जातात. या सेवेचा खर्च म्हणून खाद्यातील एकूण ऊर्जेचा साधारण २ ते १२ टक्के भाग मिथेन वायूच्या रूपाने बाहेर जातो.

सहजीवनात फसवणूक होते का?

होते, आणि तिच्यावर वचक ठेवण्याच्या यंत्रणाही असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीची हवा बदलून नायट्रोजनच्या जागी आर्गॉन वायू सोडला. जीवाणूंची इच्छा असो वा नसो, नायट्रोजन देणे त्यांना अशक्य झाले. अशा गाठींचा ऑक्सिजन-पुरवठा वनस्पतीने कमी केल्याचे आढळले, आणि त्यांतील जीवाणूंची वाढही निम्म्याच्या आसपास घसरली.

प्रवाळखडकांवरील सफाई करणारा लॅब्रॉइडीस मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, पण त्याला खरी आवड असते ती त्यांच्या अंगावरील पौष्टिक श्लेष्माची. संधी मिळताच तो श्लेष्माचा लचका तोडतो. मग ग्राहक मासा त्याचा पाठलाग करतो किंवा दुसऱ्या सफाईवाल्याकडे जातो, आणि इतर ग्राहक पाहत असतील तेव्हा सफाईवाला अधिक सचोटीने वागतो, असे निरीक्षणांत दिसले आहे.

एकाच जोडीतील संबंधाचा प्रकार बदलू शकतो का?

बदलतो, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे असे वाटते. केनियातील गवताळ प्रदेशातील एका बाभळीच्या पोकळ, फुगीर काट्यांत मुंग्या राहतात. बाभूळ त्यांना निवारा आणि मधुरस देते, आणि पाला खायला आलेल्या हत्ती-जिराफांवर मुंग्या तुटून पडतात. मोठे शाकाहारी प्राणी दहा वर्षे कुंपणाबाहेर ठेवल्यावर काय झाले, हे टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले. हल्ला होत नसल्याने झाडांनी मधुरस आणि काटे कमी केले. रक्षण करणाऱ्या मुंग्यांचे बळ घटले, त्यांच्या जागी खोड पोखरणाऱ्या भुंग्यांना मोकळीक देणारी दुसरी मुंगी वाढली, आणि पाला खाणारे प्राणी नसतानाही झाडे अधिक खुरटली व अधिक मेली. शत्रू हटवल्यावर मैत्री मोडली आणि त्यातून झाडाचेच नुकसान झाले, हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता.

फॉस्फरसने समृद्ध जमिनीत मुळांवरील कवके कधीकधी वनस्पतीला भारच ठरतात, कारण अन्नाचा खर्च चालू राहतो आणि बदल्यात मिळणारी वस्तू तिला आधीच उपलब्ध असते. आफ्रिकेतील ऑक्सपेकर पक्षी जनावरांच्या अंगावरील गोचिड्या खातात, म्हणून त्यांचे नाव परस्परोपकाराच्या यादीत नेहमी येते. परंतु ते जनावरांच्या जखमा उघड्या ठेवून रक्तही पितात, त्यामुळे हिशेब कोणत्या बाजूला झुकेल हे गोचिड्यांच्या संख्येवर अवलंबून राहते.

सहभोजितेची खात्रीची उदाहरणे आहेत का?

थोडी आहेत. चरणाऱ्या जनावरांमागे फिरणाऱ्या गायबगळ्यांना जनावरांच्या पायांनी उडालेले कीटक कमी श्रमांत मिळतात, आणि जनावरांचे त्यात काही बिघडत नाही. दुसऱ्या बाजूला शून्य परिणाम होतो हे सिद्ध करणे मात्र अवघड असते, म्हणून या प्रकारातील बरीच उदाहरणे बारकाईने तपासल्यावर दुसऱ्या एखाद्या प्रकारात जातात.

परजीवी अन्नजाळ्यात कोठे बसतात?

ते दिसत नाहीत, म्हणून नगण्य समजले जातात. कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्निया येथील तीन खाड्यांत सर्व सजीवांचे वस्तुमान मोजणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे परजीवींचे एकत्रित वस्तुमान वरच्या पातळीवरील भक्षक पक्ष्यांपेक्षा अधिक भरले. त्याच किनाऱ्यावरील एक चपटा कृमी किलिफिश माशाच्या मेंदूवर ठाण मांडतो. असा मासा पृष्ठभागाजवळ येऊन झटके देतो, चकाकतो, आणि निरोगी माशापेक्षा सुमारे ३० पट अधिक वेळा पक्ष्यांच्या चोचीत सापडतो. कृमीला पुढील वाढीसाठी पक्ष्याचे आतडेच हवे असते. ऊर्जा कोणत्या वाटेने वर जाणार, हे येथे परजीवीच ठरवतो.

झाडे जमिनीखालून एकमेकांना अन्न पुरवतात, हे खरे आहे का?

सावधपणे स्वीकारावे. सुझन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली. त्यावरून ‘मातृवृक्ष आपल्या पिल्लांना पोसतात’ इथपर्यंत मजल गेली. २०२३ साली जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सर्व पुरावा तपासून दाखवले की प्रत्यक्ष जंगलात कवकांच्या जाळ्यातूनच अन्न गेले, असे सांगणारा पुरावा लोकप्रिय लेखनात भासवला जातो त्यापेक्षा पुष्कळ तोकडा आहे. मात्र हरितद्रव्य नसलेल्या, मोनोट्रोपासारख्या पांढऱ्या वनस्पती कवकांमार्फत इतर झाडांचे अन्न मिळवून जगतात, याबद्दल शंका नाही. त्यांना दात्याची पिल्ले म्हणण्यापेक्षा जाळ्यावरील चोर म्हणणे अधिक योग्य ठरेल.

उत्पादक स्वतःच सहजीवनातून निर्माण झाले, असे का म्हणतात?

पानातील हरितलवके आणि जवळजवळ सर्व प्राणी-वनस्पतींच्या पेशींतील, अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या तंतुकणिका यांना स्वतःचे वर्तुळाकार डीएनए असते आणि ती जीवाणूंप्रमाणे दुभागून वाढतात. एकेकाळी स्वतंत्र असलेले जीवाणू दुसऱ्या पेशीत राहू लागले आणि तिचे अवयव झाले, ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली जोरकसपणे मांडली. पुढे जनुकांच्या तुलनेतून ती सिद्ध झाली. याचा अर्थ असा, की जमिनीवरील ऊर्जेच्या मनोऱ्याचा पाया घालणारी प्रत्येक वनस्पती हे एक जुने सहजीवन आहे. ही प्रक्रिया अजून संपलेली नाही. २०२४ साली एका सागरी शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू पेशीच्या अवयवाच्या अवस्थेला पोहोचल्याचे दाखवण्यात आले.

सहजीवन तुटले तर ऊर्जावहनाचे काय होते?

प्रवाळांत हे सर्वांत स्पष्ट दिसते. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग त्यांच्याकडून मिळू शकतो. पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे एक अंश सेल्सिअसने वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, तिच्यातून घातक ऑक्सिजन-संयुगे बाहेर पडतात आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकते. मग पारदर्शक ऊतीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. असे जागतिक व्याप्तीचे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले, आणि चौथ्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये करण्यात आली.

पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते. ते साठवलेल्या मेदावर काही काळ तग धरते आणि पाणी वेळेत थंड झाले, तर शैवाले पुन्हा वाढतात. काही प्रजाती दरम्यानच्या काळात शिकारीचा आधार घेतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवाई येथील माँटिपोरा कॅपिटाटा या प्रवाळाने विरंजनानंतर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खाण्याचे प्रमाण इतके वाढवले की त्याची रोजची ऊर्जेची गरज भागू शकली. त्याच्यासोबत तपासलेल्या पोराइट्सच्या दोन प्रजातींना मात्र ते साधले नाही.